जावाच्या नव्या व्हर्जनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (आठवर अडकलेल्यांनी तर वाचाच)

तेच तेच प्रश्न सारखे येतात म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकतोय. मी रोज जावातच कोड लिहितो, त्यातली बरीच वर्षं जावा ८ वर काढली आणि नंतरची लोकांना ८ वरून हलवण्यात गेली, त्यामुळे खाली थोडा वैताग दिसला तर समजून घ्या.

प्र. आत्ता कुठलं व्हर्जन वापरायचं? आणि हे नंबर एवढे भराभर का पळायला लागले?

नवीन काही सुरू करताय तर २५ घ्या, ते सप्टेंबर २०२५ ला आलं आणि ते एलटीएस आहे, म्हणजे त्याला बरीच वर्षं सिक्युरिटी अपडेट मिळत राहणार. नंबर पळायचं कारण असं की पूर्वी एखादं मोठं फीचर पूर्ण होईपर्यंत अख्खं व्हर्जन अडून बसायचं. जावा ८ आलं मार्च २०१४ ला आणि ९ आलं सप्टेंबर २०१७ ला, म्हणजे साडेतीन वर्षं सगळे थांबून. मग त्यांनी ठरवलं की दर मार्चला आणि दर सप्टेंबरला गाडी सुटणार म्हणजे सुटणार, जे फीचर तयार असेल ते चढेल आणि नसेल ते पुढच्या गाडीने येईल. त्यामुळे ११, १७, २१, २५ हे नंबर मोठे दिसले तरी प्रत्येक पाऊल पूर्वीच्या मानाने छोटं आहे, ९ सारखा हिसका नंतर परत बसलेला नाही.

एलटीएस कोणती ते एकदा पाठच करून टाका, ८, ११, १७, २१, २५. १७ नंतर दर दोन वर्षांनी एक येते.

प्र. मग मधली व्हर्जन, म्हणजे २२, २३, २४ वगैरे, ती कोणासाठी?

बहुतेकांनी प्रॉडक्शनला लावू नयेत, सहा महिन्यांत त्यांचे अपडेट बंद होतात. पण बिल्ड सर्व्हरवर एक जॉब नव्यात नव्या जेडीकेवर (जावाचा कोड कंपाइल करून चालवायचा संच) चालवत ठेवा, काय मोडणारे ते दोन वर्षं आधी कळतं आणि पुढची एलटीएस येते तेव्हा धावपळ होत नाही.

प्र. जावाला आता पैसे पडतात असं ऐकलं, खरं का?

अर्धं खरं. भाषा फुकट आहे, ओपनजेडीके (जेडीकेचा मूळ सोर्स) ओपन सोर्स आहे आणि तसंच राहणारे. पैशाचा मामला आहे तो जावाची मालक कंपनी ओरॅकल, तिच्या स्वतःच्या बिल्डचा, म्हणजे त्या सोर्सवरून बनवलेल्या तयार जेडीकेचा. २०१९ पासून ओरॅकलच्या जावा ८ चे पुढचे अपडेट कंपन्यांना फुकट मिळायचे बंद झाले, मग १७ पासून त्यांनी प्रॉडक्शनसाठी फुकट असं लायसन्स आणलं पण त्याला मुदत आहे, पुढची एलटीएस आल्यावर एक वर्षापर्यंतच त्या लायसन्सखाली अपडेट मिळतात. आणि २०२३ पासून त्यांच्या सबस्क्रिप्शनचा हिशोब कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर होतो, जावा वापरणारे किती यावर नाही, तिथे मग अकाउंट्सवाल्यांचे डोळे पांढरे होतात.

यात पडायचं नसेल तर टेमुरिन घ्या, कोरेटो घ्या, झुलू घ्या, मायक्रोसॉफ्टचं बिल्ड आहे, सगळी एकाच ओपनजेडीकेच्या सोर्सवरून बनतात. कुठल्याशा जुन्या सर्व्हरवर कोणीतरी कधीतरी डाउनलोड करून टाकलेलं ओरॅकलचं जेडीके पडून आहे का तेवढं मात्र शोधा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

प्र. आमचं सगळं ८ वर छान चाललंय, उगाच कशाला हात लावू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. नवीन सिंटॅक्स बाजूला ठेवा, कोडची एक ओळही न बदलता नुसतं नवीन जेडीकेवर चालवलं तरी काय मिळतं ते बघू.

एक म्हणजे मेमरी. जावा ८ मध्ये स्ट्रिंगमधलं, म्हणजे मजकुरातलं, प्रत्येक अक्षर दोन बाइट खायचं. ९ पासून स्ट्रिंगमध्ये साधी लॅटिन अक्षरंच असतील तर प्रत्येकी एकच बाइट लागतो (आपली देवनागरी मात्र दोनवरच आहे बरं का). सर्व्हरच्या हीपमध्ये (प्रोग्रामचे ऑब्जेक्ट राहतात त्या मेमरीत) बघाल तर यूआरएल, आयडी, जेसनच्या की, कॉलमची नावं असल्या स्ट्रिंगच भरलेल्या असतात, त्यामुळे फरक चांगला दिसतो.

दुसरं म्हणजे कंटेनर (ठरावीक मेमरी देऊन ॲप वेगळं चालवायचा डबा), आणि हे मी स्वतः भोगलंय. एका ठिकाणी जावा ८ चं जुनं अपडेट असलेली सर्व्हिस कंटेनरमध्ये टाकली होती, कंटेनरला मेमरी दिलेली २ जीबी आणि खालचं मशीन ६४ जीबीचं. जुन्या जेव्हीएमला (जावाचा कोड प्रत्यक्ष चालवते ती) कंटेनर नावाची भानगडच माहीत नाही, तिने सरळ मशीनची मेमरी बघितली, तिच्या नेहमीच्या हिशोबाने चौथा हिस्सा म्हणजे १६ जीबीपर्यंत हीप वाढवायला मोकळीक आहे असं धरलं आणि निवांत वाढत बसली. २ जीबी ओलांडले की ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल तिला मारणार. लॉगमध्ये काही नाही, एक्सेप्शन नाही, आउट ऑफ मेमरी नाही, प्रोसेस नुसती गायब, आणि आम्ही दोन दिवस आमच्याच कोडमध्ये लीक शोधतोय. जावा १० पासून जेव्हीएम कंटेनरची मर्यादा बघते (८ च्या नंतरच्या अपडेटमध्येही ते मागाहून आणलं), शिवाय हीपला मेमरीचे किती टक्के द्यायचे तेही सांगता येतं.

तिसरं, नल पॉइंटर एक्सेप्शनचा मेसेज, म्हणजे रिकाम्या (नल) गोष्टीवर मेथड कॉल केली की येते ती एरर. पूर्वी फक्त लाइन नंबर मिळायचा, आणि त्या लाइनवर ऑर्डर डॉट गेट कस्टमर डॉट गेट ॲड्रेस डॉट गेट सिटी अशी आगगाडी असली की यातलं नेमकं कोण नल होतं ते ओळखा पाहू. आता मेसेजमध्येच लिहून येतं की गेट ॲड्रेसने नल दिलं म्हणून गेट सिटी कॉल करता आलं नाही. हे १४ मध्ये आलं आणि १५ पासून आपोआप चालू असतं. रात्री तीनला उठून लॉग बघणाऱ्याला विचारा याची किंमत.

आणि चौथं म्हणजे तुमची इच्छा असो नसो, लायब्रऱ्या पुढे गेल्यात. सर्व्हर ॲप लिहायला वापरतात त्या स्प्रिंग बूट ३ ला किमान १७ लागतं, आणि ते २०२२ मध्येच आलंय.

प्र. अपग्रेड करताना नेमकं मोडतं काय?

सगळ्यात जास्त त्रास ८ वरून ११ वर जाताना, नंतरचे टप्पे त्यामानाने मऊ आहेत.

११ मध्ये जेडीकेतून एक्सएमएल बाइंडिंग, कोर्बा वगैरे जुनं सामान काढून टाकलं. कोड कंपाइल होऊन पडलेला असतो, चालवला की क्लास सापडत नाही म्हणून आपटतो. उपाय सोपा, तीच गोष्ट वेगळी डिपेंडन्सी म्हणून बिल्डमध्ये टाका. मग १६ आणि १७ मध्ये जेडीकेच्या आतल्या क्लासमध्ये रिफ्लेक्शनने (प्रोग्राम चालू असताना क्लासच्या आत डोकावून) हात घालणं बंद केलं, त्याचा फटका तुमच्या कोडला कमी आणि लॉम्बोक, मॉकिटो, बाइटकोडशी खेळणाऱ्या जुन्या लायब्रऱ्या यांना जास्त बसतो. म्हणून क्रम असा ठेवा की आधी जुन्याच जेडीकेवर राहून लायब्रऱ्या जमेल तेवढ्या वर न्या, टेस्ट पास करा आणि मगच जेडीके बदला, दोन्ही एकदम केलं की कशामुळे काय मोडलं तेच कळत नाही. आणि पॅकेजची नावं जावाएक्सवरून जकार्ता होणं हे जेडीकेचं काम नाही, ते एंटरप्राइझ लायब्रऱ्यांचं वेगळं प्रकरण आहे, लोक दोन्हीची खिचडी करतात आणि घाबरतात.

हे सगळं निदान दणकून आपटतं तरी, म्हणजे कळतं. जास्त वाईट असतात गपचूप बदलणाऱ्या गोष्टी. १८ पासून फाइल वाचायचं डीफॉल्ट एनकोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) सगळीकडे यूटीएफ ८ झालं, आधी ते ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून असायचं. चांगलाच निर्णय आहे, पण विंडोजवर वर्षानुवर्षं जुन्या एनकोडिंगमध्ये लिहिलेल्या फाइल असतील तर त्या आता वाचताना ॲक्सेंटवाल्या अक्षरांच्या जागी काळे चौकोन येतात. फाइल वाचताना एनकोडिंग नेहमी स्पष्ट लिहायची सवय लावा.

दुसरं उदाहरण माझं सगळ्यात आवडतं. १७ वरून २१ वर गेलो, एक टेस्ट फेल. अपेक्षित काय तर ‘३:१५ पीएम’, मिळालं काय तर ‘३:१५ पीएम’. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं, मोठं करून बघितलं, काही फरक नाही. शेवटी एकेका अक्षराचा कोड छापला तेव्हा कळलं की मधली स्पेस साधी स्पेस नाहीच, ती अरुंद न तुटणारी स्पेस आहे. जावा २० मध्ये तारीख आणि वेळेच्या फॉरमॅटचा डेटा युनिकोडच्या नव्या यादीतून घेतला आणि अमेरिकन इंग्लिशमध्ये एएम पीएमच्या आधी ही स्पेस आली. डोळ्याला सारखी, इक्वल्सला वेगळी. जिथे जिथे अशी वेळ स्ट्रिंग करून पाठवताय आणि पलीकडे परत पार्स करताय ते सगळं तपासा, आणि खरं म्हणजे माणसांना दाखवायचा फॉरमॅट मशीनमशीनमध्ये वापरूच नका, त्यासाठी आयएसओचा ठरलेला तारीख-वेळेचा फॉरमॅट आहे.

प्र. ८ वरून थेट २५ वर उडी मारली तर?

चालेल की. कोणी अडवलेलं नाही, मधल्या प्रत्येक स्टेशनवर प्रॉडक्शनला उतरायची गरज नाही. पण स्वतःच्या मशीनवर तरी ११, १७, २१ असं एकेक करत चालवून बघा, म्हणजे एरर टप्प्याटप्प्याने येतात. जेडीकेबरोबरच जेडेप्स नावाचं टूल येतं, ते तुमच्या जारवर (कंपाइल झालेल्या कोडच्या फाइलवर) चालवा, आतल्या कुठल्या क्लासवर तुम्ही टेकून बसलाय ते सांगतं.

प्र. व्हर्च्युअल थ्रेड म्हणजे नक्की काय? सगळे त्याच्याबद्दलच बोलतात.

थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक, आणि नेहमीचा जावा थ्रेड म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा एक अख्खा थ्रेड. त्याच्या स्टॅकसाठी साधारण १ एमबी जागा राखून ठेवली जाते, आणि असे काही हजार झाले की मशीन धापा टाकायला लागतं. गंमत अशी की सर्व्हरवरचा थ्रेड बहुतेक वेळ काहीच करत नसतो, डेटाबेसचं उत्तर यायची वाट बघत बसलेला असतो. २१ मध्ये पक्के झालेले व्हर्च्युअल थ्रेड नेमकं इथे काम करतात. खाली ऑपरेटिंग सिस्टिमचे मोजके थ्रेड असतात, साधारण जेवढे प्रोसेसर तेवढे, आणि त्यांच्यावर तुमचे लाखो हलके थ्रेड आळीपाळीने बसतात. एखादा थ्रेड वाट बघायला लागला की जेव्हीएम त्याला उठवून त्याचा स्टॅक हीपमध्ये ठेवते आणि खालच्या थ्रेडवर दुसऱ्याला बसवते. तुमचा कोड मात्र तसाच, सरळ वरून खाली वाचता येणारा.

आता लोक इथे करतात त्या चुका. व्हर्च्युअल थ्रेडचा पूल (बनवून ठेवून परत परत वापरायचा साठा) करू नका, पूल महाग वस्तूंचा करतात, हे स्वस्त आहेत, प्रत्येक कामाला नवीन घ्या आणि सोडून द्या. दुसरं, नुसता हिशोब करणारा कोड असेल, म्हणजे इमेज प्रोसेसिंग, एन्क्रिप्शन वगैरे, तर याचा काडीचा फायदा नाही, प्रोसेसर आहेत तेवढेच राहणार. तिसरं म्हणजे थ्रेड लाख झाले म्हणून डेटाबेसची कनेक्शन लाख होत नाहीत. आधी दोनशे थ्रेडच्या पुलामुळे नकळत डेटाबेसला आडोसा मिळत होता, तो काढला की सगळी रांग कनेक्शन पुलाच्या दारात येऊन उभी राहते आणि टाइमआउट सुरू, मग लोक म्हणतात व्हर्च्युअल थ्रेडच बेकार. तिथे सेमाफोर लावा, म्हणजे एका वेळी ठरावीक थ्रेडच आत जातील.

आणि २१ वर असाल तर एक अडचण ध्यानात ठेवा, सिंक्रोनाइझ्ड ब्लॉकच्या (एका वेळी एकच थ्रेड आत जाऊ शकतो असा कोड) आत वाट बघायची वेळ आली तर व्हर्च्युअल थ्रेड खालच्या थ्रेडला चिकटून बसतो, सोडत नाही. जुन्या लायब्रऱ्यांमध्ये सिंक्रोनाइझ्ड पोत्याने असतं. २४ मध्ये हे दुरुस्त झालं, म्हणून मी तर म्हणेन व्हर्च्युअल थ्रेडसाठी जायचं असेल तर सरळ २५ च गाठा.

प्र. मग रिॲक्टिव्ह कोड सगळा फेकून द्यायचा का?

रिॲक्टिव्ह म्हणजे थ्रेड न अडवता, उत्तर आलं की पुढचं करा अशा साखळीत लिहिलेला कोड. चालू आहे तो राहू द्या. पण नवीन साध्या सर्व्हिससाठी मी आता रिॲक्टिव्ह लिहीत नाही, त्याचा स्टॅक ट्रेस वाचून डोकं दुखतं.

प्र. रेकॉर्ड, सील्ड, पॅटर्न मॅचिंग हे सगळं आल्यावर जावा ऑब्जेक्ट ओरिएंटेड राहिली का?

राहिली, पण सगळं एकाच पद्धतीने करायचा हट्ट सोडला असं म्हणा.

समजा नोटिफिकेशन पाठवायची आहे, तीन प्रकार, ईमेल, एसएमएस आणि पुश. जुनी पद्धत म्हणजे एक ॲब्स्ट्रॅक्ट क्लास, तीन सबक्लास, प्रत्येकात पाठवा नावाची मेथड. छान. पण मग कोणीतरी म्हणतं प्रत्येकाचा खर्च मोजा, की तिन्ही क्लासमध्ये खर्चाची मेथड. मग लॉगसाठी वेगळी, ऑडिटसाठी वेगळी, आणि वर्षभरात त्या बिचाऱ्या ईमेल क्लासला जगातलं सगळं माहीत असतं.

नवीन पद्धतीत नोटिफिकेशन हा सील्ड इंटरफेस करायचा, म्हणजे याचे प्रकार हे तीनच, चौथा बाहेरून कोणी घुसवू शकत नाही. तिन्ही प्रकार रेकॉर्ड, एकेका ओळीचे, गेटर, इक्वल्स, हॅशकोड सगळं आपोआप. आणि खर्च मोजायचा कोड एका जागी स्विचमध्ये, केस ईमेल असेल तर हे, एसएमएस असेल तर ते, आणि त्याच ओळीत रेकॉर्डमधले फील्ड सोडवून घेता येतात. रेकॉर्ड १६ ला पक्के झाले, सील्ड १७ ला आणि स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग २१ ला.

मजा कधी कळते, तर सहा महिन्यांनी चौथा प्रकार येतो तेव्हा. सील्डच्या यादीत त्याचं नाव टाकलं की जिथे जिथे स्विच आहे तिथे तिथे कंपाइलर लाल होतो, इथे हा राहिला, तिथे तो राहिला. पण एक अट आहे, स्विचमध्ये डीफॉल्ट लिहायचं नाही. सवयीने डीफॉल्ट टाकला की कंपाइलर गप्प बसतो आणि नवीन प्रकार मुकाट डीफॉल्टमध्ये जाऊन पडतो, कोड रिव्ह्यूमध्ये मी हे सगळ्यात जास्त वेळा पकडतो.

लायब्ररी लिहिताय आणि प्रकार बाहेरच्यांनी वाढवावेत अशी इच्छा असेल तर मात्र जुना इंटरफेस आणि पॉलिमॉर्फिझमच बरा. प्रकार ठरलेले आणि त्यांच्यावरची कामं वाढती असतील तर सील्ड, कामं ठरलेली आणि प्रकार वाढते असतील तर जुनी पद्धत.

प्र. नवीन शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन पाठ करावं लागतं, त्याचं काही झालं का?

झालं, २५ मध्ये. आता फाइलमध्ये क्लास लिहायचीसुद्धा गरज नाही, नुसतं व्हॉइड मेन, कंस, आणि आत आयओ डॉट प्रिंटएलएन. सिस्टिम डॉट आउटची ती लांबलचक ओळ गेली. फाइल जावा कमांडला थेट दिली तरी चालते, वेगळं कंपाइल करायला नको (हे एका फाइलपुरतं ११ पासूनच होतं). छोट्या स्क्रिप्ट मी आता यातच लिहितो.

प्र. स्ट्रिंग टेम्पलेट कुठे गेले? २१ मध्ये बघितल्याचं आठवतंय.

आठवण बरोबर आहे, स्ट्रिंगमध्ये थेट व्हेरिएबल घालायची ती सोय. २१ आणि २२ मध्ये प्रिव्ह्यू म्हणून होते, २३ मध्ये काढून टाकले, डिझाइन पटलं नाही म्हणून. प्रिव्ह्यूचा अर्थच तो, वापरून बघा, मत सांगा, पण यावर घर बांधू नका. वेगळा फ्लॅग दिल्याशिवाय प्रिव्ह्यू फीचर चालत नाही ते त्यासाठीच. स्ट्रक्चर्ड कॉन्करन्सी (एका कामाचे अनेक थ्रेड एकत्र बांधून सांभाळायची सोय) २५ मध्येही अजून प्रिव्ह्यूच आहे, तिच्या जोडीने फिरणाऱ्या स्कोप्ड व्हॅल्यू (थ्रेडना वाटून देता येणारी, न बदलणारी माहिती) मात्र २५ ला पक्क्या झाल्या.

प्र. जावा सुरू व्हायला वेळ लावते आणि मेमरी खाते, हे सुधारलं का?

सुधारतंय. २४ पासून एक सोय आली, ॲप एकदा सरावासाठी चालवायचं, जेव्हीएम त्या वेळी कुठले क्लास लोड झाले, कसे जोडले गेले ते एका कॅश फाइलमध्ये ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलते. २५ मध्ये हे करायच्या कमांड सोप्या झाल्या आणि कुठल्या मेथड जास्त पळतात तेही त्या फाइलमध्ये जातं. कोड बदलायचा नाही. ग्रालव्हीएमने थेट नेटिव्ह बायनरी करणं हा दुसरा मार्ग, त्यात चुटकीसरशी सुरू होतं, पण बिल्डला वेळ लागतो आणि रिफ्लेक्शन कुठे कुठे आहे ते सांगत बसावं लागतं.

मेमरीचं म्हणाल तर प्रत्येक ऑब्जेक्टच्या डोक्यावर एक हेडर असतं, ६४ बिटवर साधारण १२ बाइटचं. २५ मध्ये फ्लॅग दिला की ते ८ बाइटचं होतं. चार बाइटने काय होतंय असं वाटेल, पण हीपमध्ये कोट्यवधी छोटे ऑब्जेक्ट असतात आणि कित्येकांच्या आत स्वतःचा डेटाच जेमतेम तेवढा असतो.

प्र. डेस्कटॉप ॲप, ॲपलेट, अँड्रॉइड?

ॲपलेट विसरा, ब्राउझरनी ते कधीच सोडले. स्विंग जेडीकेत आहे, जावाएफएक्स ११ पासून वेगळं घ्यावं लागतं. जेपॅकेजने विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीसाठी इन्स्टॉलर बनतो, पण त्या त्या सिस्टिमवर बसूनच बनवावा लागतो. अँड्रॉइडचं रनटाइम वेगळं आहे, तिथे जेव्हीएम नाही, त्यामुळे वरचं बरंच काही तिथे उशिरा येतं किंवा येतच नाही.

प्र. आणि वल्हाला?

वल्हाला हा जावाच्या ऑब्जेक्टची मेमरीतली मांडणी सुधारायचा प्रोजेक्ट, २०१४ पासून चालूये. कल्पना अशी की स्वतःची ओळख नसलेले, फक्त किंमत असलेले क्लास करता यावेत, म्हणजे हजार पॉइंटची ॲरे ही हजार ठिकाणी विखुरलेल्या ऑब्जेक्टचे पत्ते न राहता मेमरीत सलग डेटा होईल आणि प्रोसेसरला ती वाचायला सोपी जाईल. २५ मध्ये तरी ते नाही. येईल तेव्हा इथे प्रश्न वाढवतो.